मॉर्मन वस्तीचा नकाशा कोणी आखला?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा नकाशा पुढे घ्यावा आणि मॉर्मन पंथाची माणसे जिथे दाट राहतात तिथे शाई लावीत जावे. युटा राज्य बहुतेक सगळे रंगते. उत्तरेस आयडाहोचा आग्नेय कोपरा, वायोमिंगची पश्चिम कडा, दक्षिणेस नेवाडा आणि अ‍ॅरिझोना यांतील काही पट्टे रंगतात. परंतु ज्या न्यूयॉर्क राज्यात १८३० साली हा पंथ जन्मला, तिथे शाईचे ठिपके अगदी विरळ. जन्मस्थान एकीकडे आणि घर दोन हजार मैलांवर, असे का व्हावे? केवळ धर्मग्रंथ चाळून याचे उत्तर मिळत नाही. आमच्या मते छळ, पाणी आणि संघटना या तिघांनी मिळून हा नकाशा आखला आहे.

प्रथम छळाचे पाहू. पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ आपल्या अनुयायांसह ओहायोत गेला; मग मिसूरीत, मग इलिनॉयमध्ये. ही माणसे एकत्र जमीन घेत, आपसांत व्यवहार करीत आणि मते एकगठ्ठा देत. शेजाऱ्यांना त्याची धास्ती वाटे. मिसूरीत गुलामगिरीचा प्रश्नही त्यात मिसळला. २७ ऑक्टोबर १८३८ रोजी मिसूरीचा गव्हर्नर बॉग्ज याने हुकूम काढला, की मॉर्मनांना राज्याबाहेर हाकलावे, नाहीतर त्यांचा निःपात करावा. हा हुकूम रीतसर रद्द व्हायला १९७६ साल उजाडले! पुढे इलिनॉयमध्ये मिसिसिपीच्या काठी त्यांनी नॉवू हे शहर उभारले. परंतु २७ जून १८४४ रोजी कार्थेजच्या तुरुंगात शिरून जमावाने स्मिथला व त्याच्या भावाला गोळ्या घातल्या. तेव्हा ब्रिगहॅम यंग याच्या मागोमाग १८४६ च्या फेब्रुवारीत लोक गाड्या जुंपून निघाले, आणि २४ जुलै १८४७ रोजी यंग खाऱ्या सरोवराच्या खोऱ्यात पोहोचला. सर्वच गेले असे नाही. मागे राहिलेल्यांतून १८६० साली एक निराळी शाखा उभी राहिली. तिचे मुख्य ठाणे आजही मिसूरीतील इंडिपेंडन्स येथे आहे.

हे खोरे का निवडले? ते तेव्हा मेक्सिकोच्या हद्दीत होते, आणि कोरडे म्हणून गोऱ्या वसाहतवाल्यांपैकी कोणी ते मागत नव्हते. मात्र ते निर्मनुष्य नव्हते. यूट, शोशोनी, पायूट, गोशूट हे लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. नव्या पाटांनी आणि गुरांनी त्यांची शिकार व कंदमुळे नाहीशी होत गेली. स्वतः हाकलले गेलेले लोक दुसऱ्यांना हाकलू शकतात, हे कटू सत्य इथे नोंदवलेच पाहिजे.

आता पाण्याचे पाहू. खोऱ्यात वर्षाकाठी पंधरा-सोळा इंच पाऊस, तोही बहुतेक पिकाच्या दिवसांत नाही. पाणी ते डोंगरातल्या बर्फाचे. यंगने आरंभीच ठरवले, की ओढ्यावर कोणाची खाजगी मालकी नाही. पाट सर्वांनी मिळून खणायचा, ज्याने जितके काम केले त्या मानाने त्याला पाणी, आणि पाळ्या लावायला एक पाणीवाटप्या. एकट्या कुटुंबाला बांध घालणे आणि पाट काढणे झेपणारे नव्हते. म्हणूनच इतर अमेरिकन शेतकऱ्यांप्रमाणे जो तो आपल्या शेतात एकटा न राहता मॉर्मन शेतकरी गावठाणात घर बांधी आणि शेतावर जाई. डोंगरातून जिथे ओढा बाहेर पडतो तिथे गाव, असा युटाचा नकाशा आजही वाचता येतो.

तिसरी गोष्ट संघटना. हिच्याविषयी आम्ही थोडे अधिक बोलणार, कारण आमचा जन्म संघटनेच्या कामात गेला आहे. सभेत नावे वाचली जात, आणि नाव निघालेल्या कुटुंबाने घरदार विकून सांगितलेल्या ठिकाणी जायचे असे. १८५१ साली लोखंडासाठी सीडर सिटीकडे माणसे धाडली. १८६१ साली कापसासाठी सेंट जॉर्जला. १८७७ साली यंग वारला तोवर सुमारे साडेतीनशे वसाहती झाल्या होत्या. पुढे बहुपत्नीत्वाच्या खटल्यांपासून बचाव म्हणून काहीजण मेक्सिकोत गेले, काहींनी १८८७ साली कॅनडात कार्ड्‌स्टन वसवले. १८९० साली चर्चने बहुपत्नीत्व सोडत असल्याचे जाहीर केले आणि १८९६ साली युटाला राज्याचा दर्जा मिळाला.

ही माणसे आली कुठून? पुष्कळशी इंग्लंडच्या गिरणगावांतून. १८३७ साली प्रचारक लँकेशरमधील प्रेस्टनला उतरले, आणि सूतगिरण्यांतल्या गरिबांनी त्यांचे ऐकले. पुढे डेन्मार्क-स्वीडनचेही लोक आले. १८४९ साली एक कायम प्रवासनिधी काढला गेला: निधीतून भाडे घ्यायचे, पोहोचल्यावर कमाई करून फेडायचे, म्हणजे मागच्याला येता येई. पुढे पैसा अपुरा पडला तेव्हा १८५६ साली हातगाड्या ओढत पायी येण्याची टूम निघाली. उशिरा निघालेल्या दोन तांड्यांना वाटेत बर्फाने गाठले आणि दोनशेहून अधिक माणसे दगावली. संघटना माणसाला तारते. परंतु वरून आलेला हुकूम खालच्यांनी तपासला नाही, तर तीच त्याला गोत्यात घालते. १८५७ च्या सप्टेंबरात माउंटन मेडोज येथे मॉर्मन शिबंदीने सुमारे १२० वाटसरूंची कत्तल केली, ती याच भीतीच्या आणि आज्ञाधारकपणाच्या वातावरणात.

विसाव्या शतकात पाणी आणि जमीन वाढेना, पोरे मात्र वाढली. ती रोजगारामागे निघाली: कॅलिफोर्नियात, सरकारी नोकऱ्यांसाठी वॉशिंग्टनकडे, पुढे टेक्सासात. १९५६ साली लॉस एंजेलिसला आणि १९७४ साली वॉशिंग्टनजवळ मोठी मंदिरे झाली, ती या स्थलांतराचीच खूण होय. चर्चच्या आकड्यांप्रमाणे आज देशात ६५ लाखांहून अधिक सभासद आहेत. त्यांपैकी युटात वीस लाखांवर. उलट बाहेरचे कामगारही युटात येत आहेत. राजधानीच्या सॉल्ट लेक जिल्ह्यात तर मॉर्मन आता निम्म्याहून कमी आहेत. कोळशाच्या कार्बन जिल्ह्यात ग्रीक, इटालियन व स्लाव खाणकामगारांनी ही सरमिसळ शंभर वर्षांपूर्वीच घडवली होती.

शेवटी पुन्हा पाण्याकडे यावे लागते. २०२२ साली खाऱ्या सरोवराची पातळी, मोजदाद सुरू झाल्यापासून, सर्वांत खाली गेली. त्याला मिळणाऱ्या नद्यांचे पाणी वाटेतच वळवले जाते, आणि त्यातला मोठा वाटा शेतीला, विशेषतः गुरांच्या चाऱ्याला जातो. उघड्या पडलेल्या तळाची धूळ वाऱ्याबरोबर शहरावर येते. ओढा कोणा एकाचा नाही, हा १८४७ चा नियम होता. त्या नियमात सरोवराचा वाटा कोणी धरला नव्हता. तो आता धरला जातो की नाही, यावर त्या खोऱ्यातील पुढच्या पिढीने तिथे राहायचे की पुन्हा गाड्या जुंपायच्या, हे अवलंबून आहे.