मनोऱ्याविना धावपट्टी : बिनतारी संदेशाचा भाषिक विचार

विमानतळ म्हटला की नियंत्रण मनोरा डोळ्यांपुढे येतो. तथापि लहान विमानांच्या वाहतुकीचा बराच भाग जगभर मनोरा नसलेल्या धावपट्ट्यांवरच चालतो. अशा ठिकाणी ‘तू थांब, तू उतर’ असे सांगणारा कोणी अधिकारी नसतो. नगर-पुणे रस्त्यावर केडगाव बायपासच्या चौकात पोलीस नसला तर वाहनचालक एकमेकांकडे पाहून, भोंगा वाजवून मार्ग काढतात, तसाच हा प्रकार होय. भेद एवढाच की, विमानाला वाटेत उभे राहता येत नाही. म्हणून तेथील सुरक्षितता दोन गोष्टींवर उभी असते : डोळ्यांनी पाहणे आणि बिनतारी यंत्रावर बोलणे. प्रस्तुत लेखात त्यांपैकी दुसऱ्या गोष्टीचा, म्हणजे बोलण्याचा, विचार करावयाचा आहे.

प्रथम व्यवहाराचे स्वरूप पाहू. धावपट्टीचा क्रमांक तिच्या चुंबकीय दिशेवरून ठरतो. 11 क्रमांकाची धावपट्टी सुमारे 110 अंशांकडे तोंड करून असते, आणि तीच उलट बाजूने वापरली की 29 होते. उतरू पाहणारे विमान धावपट्टीभोवती ठराविक आयताकृती फेरी घेते. ह्या फेरीच्या बाजूंना डाउनविंड, बेस, फायनल अशी नावे आहेत. प्रत्येक टप्प्यावर वैमानिकाने सामाईक लहरीवर स्थळाचे नाव, आपली ओळख, आपले स्थान आणि आपला हेतू एवढे सांगावयाचे असते. अमेरिकेतील प्रघात असा की, स्थळाचे नाव संदेशाच्या आरंभी आणि अखेरीस असे दोनदा उच्चारावे. शेजारच्या दोन-तीन विमानतळांची लहर एकच असू शकते, आणि आरंभीचा शब्द ऐकणाऱ्याच्या कानांवरून निसटण्याचा संभव असतो. व्यवहारात द्विरुक्ती हा दोष मानला जातो, येथे मात्र तीच संरक्षक ठरते.

ह्या संवादाला एक भौतिक मर्यादा आहे. एका लहरीवर एका वेळी एकालाच बोलता येते. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही शब्द एका कर्कश शिट्टीत बुडतात, आणि आपला संदेश बुडाला हे बोलणाऱ्याला कळतच नाही. शिवाय एखाद्या लहान विमानात बिनतारी यंत्र नसणे, ते बिघडलेले असणे किंवा भलत्याच लहरीवर लावलेले असणे शक्य असते. म्हणून शांततेचा अर्थ ‘धावपट्टी मोकळी आहे’ असा लावणे धोक्याचे होय. शांततेतून फक्त कोणाचा आवाज आला नाही एवढेच सिद्ध होते.

ह्या बोलण्याची व्याकरणदृष्ट्या अडचण कोठे आहे, हे मराठी भाषकाला चटकन समजण्यासारखे आहे. घरातून बाहेर पडणारा मनुष्य ‘येतो’ म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला तो जात आहे हे कळते. ‘निघालोच’ असे म्हणणाऱ्याने अजून चप्पलही घातलेली नसते. भूतकाळाचे रूप येथे नजीकच्या भविष्याचे काम करते. समोरासमोर प्रसंगाच्या आधाराने अर्थ निश्चित होतो. परंतु आकाशात प्रसंग दिसत नाही. तेथे ‘निघतो आहे’ ह्या शब्दांतून निघण्याची तयारी, निघण्याचा हेतू आणि प्रत्यक्ष निघण्याची क्रिया असे तीन अर्थ निघू शकतात.

27 मार्च 1977 रोजी टेनेरीफ बेटावर 583 माणसे मृत्युमुखी पडली, त्या अपघातात हीच संदिग्धता एक कारण ठरली. डच वैमानिकाचे इंग्रजी वाक्य ‘आम्ही टेक-ऑफवर आहोत’ अशा धाटणीचे होते. नियंत्रकाने त्याचा अर्थ ‘टेक-ऑफच्या जागी उभे आहोत’ असा घेतला, प्रत्यक्षात विमान धावू लागले होते. नंतरचे इशारे दोन संदेश एकमेकांवर आदळून अस्पष्ट झाले. त्यानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची अनुज्ञा देताना वा ती रद्द करतानाच वापरावा, एरवी ‘डिपार्चर’ म्हणावे, असा दंडक रूढ झाला.

टेनेरीफला मनोरा होता. मनोरा नसता काय घडते, ह्याचे उदाहरण अमेरिकेतील क्विन्सी येथे 19 नोव्हेंबर 1996 रोजी मिळाले. एक प्रवासी विमान 13 क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरत होते. तिला छेदणाऱ्या 04 क्रमांकाच्या धावपट्टीवर एक किंग एअर विमान आणि त्याच्या मागे एक लहान चेरोकी विमान होते. उतरणाऱ्यांनी विचारले, 04 वरचे विमान थांबणार आहे काय? उत्तर चेरोकीच्या वैमानिकाने दिले, आणि ते आपण थांबलो आहोत असे होते. त्याने आपला क्रमांक सांगितला होता, परंतु संदेशाचा काही भाग उतरणाऱ्या विमानातील यांत्रिक इशाऱ्याखाली दबला, आणि उत्तर किंग एअरचेच आहे असा समज झाला. किंग एअर उड्डाणासाठी धावू लागले, दोन्ही विमाने छेदस्थानी आदळली आणि त्यांतील सर्व 14 जण दगावले. किंग एअरच्या वैमानिकांनी सामाईक लहरीकडे व सभोवती पुरेसे लक्ष दिले नाही, असा मुख्य निष्कर्ष तपासात निघाला. भाषेच्या अभ्यासकाने मात्र आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी : उत्तरातील विधान खरे होते. चुकला तो त्याचा कर्ता. मराठीत ‘थांबलो आहे’ ह्या क्रियारूपावरून प्रथम पुरुष कळतो, पण तो ‘मी’ कोण हे कळत नाही. बिनतारी व्यवहारात विमानाच्या ओळखचिन्हाला जे महत्त्व आहे ते ह्याचसाठी.

केडगावच्या दक्षिणेस हवाई अंतराने सुमारे 90 ते 100 किलोमीटरांवर असलेल्या बारामती येथील घटनेने हा विषय महाराष्ट्राच्या दाराशी आणून ठेवला. 28 जानेवारी 2026 रोजी तेथे लिअरजेट 45 जातीचे विमान कोसळून उपमुख्यमंत्री अजित पवार ह्यांच्यासह पाच जणांचा मृत्यू झाला. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या निवेदनानुसार त्या दिवशी तो विमानतळ अनियंत्रित वर्गातला होता, आणि वाहतुकीची माहिती तेथील उड्डाण-प्रशिक्षण संस्थांचे शिक्षक वा वैमानिक देत असत. दृश्यमानता सुमारे 3000 मीटर सांगण्यात आली. पहिल्या प्रयत्नात धावपट्टी न दिसल्याने विमान पुन्हा वर गेले. दुसऱ्या खेपेस धावपट्टी दिसल्याचे कळविण्यात आले. 8 वाजून 43 मिनिटांनी 11 क्रमांकावर उतरण्याची अनुज्ञा देण्यात आली. तिचा पुनरुच्चार विमानातून झाला नाही, आणि पुढच्याच मिनिटाला धावपट्टीच्या तोंडाशी ज्वाळा दिसल्या.

अपघाताची कारणमीमांसा हा तपासयंत्रणेचा विषय आहे. केवळ शब्दांवरून ती करू नये. परंतु निवेदनातील ‘अनुज्ञा’ हा शब्द विचार करावयास लावतो. जे. एल. ऑस्टिन ह्यांनी 1955 मधील व्याख्यानांत दाखविले की, काही वाक्ये वस्तुस्थिती सांगत नाहीत, ती कृती घडवितात, आणि अशी कृती सफल होण्यास बोलणाऱ्याच्या अंगी अधिकार असावा लागतो. मनोऱ्यातील नियंत्रकाची अनुज्ञा ह्या वर्गात मोडते. तिच्यामागे धावपट्टी मोकळी ठेवण्याची जबाबदारी असते. अनियंत्रित विमानतळावर जमिनीवरचा मनुष्य वाऱ्याची दिशा सांगू शकतो, दुसरे विमान कोठे आहे हे सांगू शकतो, अनुज्ञा देऊ शकत नाही. शब्द तेच राहिले तरी त्यांची पाठराखण करणारी व्यवस्था तेथे नसते. ऐकणाऱ्याने माहितीला अनुज्ञा समजले तर निर्णयाचा भार कोणाच्याच खांद्यावर राहत नाही, हा खरा धोका होय.

पुनरुच्चाराचे महत्त्वही येथेच आहे. पुनरुच्चार म्हणजे ‘मी ऐकले’ एवढेच नव्हे, तर ‘मी काय ऐकले’ हे सांगणे. ‘ओके’ किंवा ‘ठीक’ ह्या उत्तराने पहिली गोष्ट कळते, दुसरी कळत नाही.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने भाषाक्षमतेच्या सहा श्रेणी ठरविल्या आहेत आणि आंतरराष्ट्रीय व्यवहारासाठी चौथी श्रेणी किमान मानली आहे. ह्या कसोटीत उच्चार, रचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन व परस्परव्यवहार ह्या अंगांचे मापन होते. मनोऱ्याविना धावपट्टीवर आणखी एक विवेक शिकवावा लागतो : ऐकलेले वाक्य माहितीचे आहे, हेतूचे आहे की अनुज्ञेचे, हे ओळखणे. घरी मराठी आणि विमानात इंग्रजी बोलणाऱ्या प्रशिक्षणार्थींच्या संदेशांचे ध्वनिमुद्रण करून हा विवेक कोठे सुटतो, हे तपासणे पदव्युत्तर अभ्यासकांना शक्य आहे. क्रियारूपे, कर्त्याचा लोप आणि पुनरुच्चाराची पूर्णता ही तीन परिमाणे त्या कामाच्या आरंभास पुरेशी आहेत.