सुई, दोरा आणि दोन तास

जबलपूरच्या रेल्वे स्टेशनजवळच्या सिव्हिल लाइन्समध्ये आणि आसपासच्या वस्त्यांत मराठी घरं आजही आहेत. १९५६ पर्यंत या शहराच्या प्रांताची राजधानी होती नागपूर. नोकरीसाठी, वकिलीसाठी इकडे आलेली कुटुंबं इथलीच झाली, पण रीत मराठीच राहिली. पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते. डोहाळजेवण होतं, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली जातात, डिंक आणि अळीव आणून ठेवले जातात, मालिशवालीला सांगून ठेवतात. एवढ्या तयारीत एक प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही: बाळ झाल्यावर रक्त थांबलं नाही तर?

भारतात मातामृत्यूंच्या कारणांत रक्तस्राव सर्वांत पुढे राहिला आहे. २००१ ते २००३ या काळातल्या नमुना नोंदणीत ३८ टक्के मातामृत्यू रक्तस्रावाने झाल्याचं दिसलं. त्यानंतर देश बराच पुढे आला. २०१८-२० च्या आकड्यांनुसार एक लाख जिवंत जन्मांमागे भारतात ९७ माता दगावल्या, महाराष्ट्रात ३३. मध्य प्रदेशात मात्र हाच आकडा १७३ होता. नागपूरहून जबलपूरला येणारा रस्ता काही तासांचा आहे, पण बाळंतिणीच्या नशिबात त्या रस्त्यावर पाचपट अंतर पडतं.

शरीराच्या स्वतःच्या गाठी

दिवस भरलेल्या गर्भाशयातून दर मिनिटाला ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहतं. बाईच्या अंगातलं सगळं रक्त साधारण दहा मिनिटांत तिथून एकदा फिरून येतं म्हणा ना. बाळ जन्मतं, वार सुटते आणि वार जिथे चिकटलेली होती तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. तरीही बहुतेक बायकांचं रक्त काही मिनिटांत आटोक्यात येतं, कारण गर्भाशयाच्या स्नायूंचे धागे एकमेकांत आडवेतिडवे विणलेले असतात आणि रक्तवाहिन्या त्या विणीतून जातात. स्नायू आवळला की प्रत्येक वाहिनीभोवती आपोआप फास बसतो. वैद्यकात या धाग्यांना ‘जिवंत गाठी’ म्हणतात.

या गाठी बसल्या नाहीत, म्हणजे गर्भपिशवी सैल राहिली, की रक्त वाहतच राहतं. जुळी मुलं, खूप लांबलेल्या कळा, पोटात जास्त पाणी अशा वेळी ती सैल राहण्याचा धोका वाढतो. वारेचा तुकडा आत राहणं, गर्भाशयाला किंवा त्याच्या मुखाला इजा होणं, रक्त गोठण्याची शक्ती संपणं ही इतर कारणं. पण सर्वांत जास्त वेळा दोष सैल पिशवीचाच असतो. त्यात आपल्याकडच्या गरोदर बायका आधीच रक्ताने कमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांमध्ये पंडुरोग आढळला. धडधाकट बाई जेवढा रक्तस्राव सोसते तेवढा पंडुरोगी बाई सोसू शकत नाही. उपचार मिळाला नाही तर प्रसूतीनंतरचा मोठा रक्तस्राव दोन तासांत जीव घेऊ शकतो.

टाक्याच्या आधीच्या पायऱ्या

रक्त थांबवण्याचे उपाय पायरीपायरीने केले जातात. आधी पोटावरून गर्भाशय चोळायचं, ऑक्सिटोसिन द्यायचं, मूत्राशय रिकामं करायचं, वार पूर्ण पडली का ते बघायचं. यातल्या काही पायऱ्यांवर आपल्या भागाची मोहर आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने १,६२० बायकांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर लगेच नर्सबाईंनी मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तोंडाने दिल्या, तर रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. याच अभ्यासासाठी बाळंतिणीखाली पसरायची, तळाशी खुणा केलेली पिशवी असलेली प्लॅस्टिकची चादर वापरली गेली. डोळ्यांचा अंदाज नेहमी कमी भरतो, म्हणून रक्त मोजायचं, ही त्यामागची साधी गोष्ट. २०१७ मध्ये वीस हजारांहून अधिक स्त्रियांच्या जागतिक अभ्यासाने दाखवलं की ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचं इंजेक्शन तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात. बांगलादेशातल्या डॉ. सायेबा अख्तर यांनी २००३ मध्ये कॅथेटरला निरोध बांधून, गर्भाशयात सलाइनने फुगवून आतून दाब देण्याची पद्धत मांडली. महागडा फुगा परवडत नाही अशा रुग्णालयांना तिचा मोठा आधार झाला.

या सगळ्याने भागलं नाही तर डॉक्टर दोन हातांमध्ये गर्भाशय दाबून धरतात. रक्त थांबतं, पण हात थकतात. हाताने केलेलं काम दोऱ्यावर कसं सोपवायचं, या प्रश्नातून गर्भाशय आवळणाऱ्या टाक्याचा जन्म झाला.

गॅलिस घातलेलं गर्भाशय

मूळचे सिएरा लिओनचे डॉ. क्रिस्टोफर बी-लिंच इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सच्या रुग्णालयात काम करत होते. १९८९ मध्ये एका बाळंतिणीचं रक्त थांबेना. गर्भाशय काढणं हा तेव्हाचा शेवटचा मार्ग होता आणि त्याला ती तयार नव्हती. तेव्हा त्यांनी गर्भाशयाला बाहेरून दोऱ्याने आवळलं. १९९७ मध्ये अशा पाच स्त्रियांची हकिगत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली आणि हा टाका जगभर गेला.

टाका घालण्याआधी एक परीक्षा असते. सहायकाने दोन्ही हातांनी गर्भाशय दाबायचं आणि खालून रक्त थांबतं का ते बघायचं. थांबलं तर टाका उपयोगी पडण्याची आशा धरायची, थांबलं नाही तर पुढच्या उपायाकडे वळायचं. मग सिझरच्या छेदाखाली उजवीकडे सुई आत घालायची, छेदाच्या वर बाहेर काढायची, दोरा गर्भाशयाच्या माथ्यावरून मागे न्यायचा, मागे आडवा टाका घेऊन डावीकडे यायचं आणि पुन्हा माथ्यावरून पुढे उतरून छेदाखाली गाठ मारायची. लहान मुलाच्या विजारीचे गॅलिस दोन्ही खांद्यांवरून जातात, तसे दोन पट्टे गर्भाशयावर बसतात. गाठ मारताना सहायक गर्भाशय दाबून धरतो, म्हणजे सगळा ताण दोऱ्यावर येत नाही. दोरा विरघळणारा लागतो. पुढच्या दिवसांत गर्भाशय झपाट्याने लहान होतं, आणि न विरघळणाऱ्या दोऱ्याचा सैल फास पोटात राहिला तर त्यात आतडं अडकण्याची भीती असते.

पुढे या कल्पनेला फांद्या फुटल्या. २००० मध्ये कोरियातल्या डॉ. चो यांनी पुढची-मागची भिंत जोडणारे चौकोनी टाके मांडले. २००२ मध्ये इंग्लंडच्या डॉ. हेमन यांनी गर्भाशय न उघडता घालता येणारे सरळ टाके सुचवले. नैसर्गिक प्रसूतीनंतर सिझरचा छेद नसतो, तेव्हा ते सोयीचे ठरतात. गर्भाशयाकडे जाणाऱ्या धमन्या बांधणं हा आणखी एक मार्ग. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने श्रोणीतल्या धमन्या बांधलेल्या ११० स्त्रियांचा अनुभव २००७ मध्ये मांडला. त्या शस्त्रक्रियेला कसलेला हात लागतो. बी-लिंचचा टाका मात्र सिझर करता येणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला शिकता येतो.

या कामात आपल्या माणसाचं नाव आधीच कोरलेलं आहे. गोव्यात शिरोड्याला १८९९ मध्ये जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी १९५५ मध्ये गर्भाशयाच्या सैल मुखाला टाका घालून वारंवार होणारा गर्भपात थांबवण्याची पद्धत मांडली. त्यासाठी त्यांनी बाईच्याच मांडीतल्या चिवट पडद्याची पट्टी वापरली. जगभरच्या पुस्तकांत तो ‘शिरोडकर टाका’ म्हणून आहे. त्यांचा टाका गर्भ राखतो, बी-लिंचचा टाका गर्भाशय राखतो. आपल्या बोलीत ‘पिशवी काढली’ हे दोन शब्द फार सहज बोलले जातात, पण विशी-बाविशीतल्या बाईसाठी त्यात पुढचं मूल, पाळी आणि पुष्कळदा संसारातलं तिचं स्थानही जातं. म्हणून या टाक्याचं मोल फक्त रक्ताच्या बाटल्यांत मोजता येत नाही.

दोन तास

टाका हमखास नाही. २००७ च्या एका आढाव्यात अशा टाक्यांनी ९१ टक्क्यांहून अधिक वेळा यश दिल्याचं दिसलं. पण यश मिळालेल्या हकिगती जास्त छापल्या जातात, हे लक्षात ठेवायला हवं. २०११ मध्ये ब्रिटनमधल्या दोनशेहून अधिक स्त्रियांच्या देशव्यापी नोंदीत चौघींमागे एकीला टाका पुरला नाही. वार गर्भाशयाच्या भिंतीत रुतलेली असेल किंवा रक्त गोठतच नसेल, तर एकट्या टाक्यावर विसंबता येत नाही. दोरा फार आवळला तर गर्भाशयाच्या भिंतीचा रक्तपुरवठा तुटू शकतो, चौकोनी टाक्यांनी आत भिंती चिकटू शकतात. या टाक्यांनंतर सुखरूप बाळंतपणं झाल्याच्या नोंदीही आहेत.

त्याच ब्रिटिश नोंदीतली एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. प्रसूतीनंतर टाका घालायला दोन ते सहा तास लागले, तेव्हा गर्भाशय काढावं लागण्याची शक्यता चौपट झाली. दोरा तोच, सुई तीच, फरक वेळेचा.

आता जबलपूरकडे वळू. मंडला, डिंडोरी, सिवनी, बालाघाट इथल्या अडलेल्या बाळंतिणी जबलपूरच्या नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवल्या जातात. मंडला इथून शंभरेक किलोमीटर, डिंडोरी त्याहून दूर. घाटातला रस्ता, पावसाळी रात्र, गाडीची वाट बघणं हे धरलं तर ते दोन तास रस्त्यातच संपतात. बहुतेक प्रसूती आता रुग्णालयात होतात, हे खरं यश आहे. पण रुग्णालयात पोचलेल्या बाईला पुढच्या रुग्णालयात पोचवण्यात जीव जात असेल, तर टाका तिच्याकडे यायला हवा. जिथे सिझर होतं त्या प्रत्येक जिल्हा आणि तालुका रुग्णालयात हा टाका घालता येणारा हात, विरघळणारा जाड दोरा, मोठी गोल सुई, भूलतज्ज्ञ आणि रक्त हवंच. सुई-दोऱ्याला वीज लागत नाही, परदेशी यंत्र लागत नाही. स्पंजच्या किंवा मातीच्या गर्भाशयावर सराव करूनही हात बसतो. जे इतकं थोडं मागतं ते तालुक्यापर्यंत न पोचणं ही आपली चूक आहे, आणि ती सुधारता येण्यासारखी आहे.

वाचकहो, दिवाळीच्या फराळाबरोबर हा अंक घरातल्या पोटुशी मुलीच्या, सुनेच्या हातात जाईल. तिचा रक्तगट लिहून ठेवा. तिचं हिमोग्लोबिन सातव्या महिन्याआधी तपासून घ्या. ज्या रुग्णालयात नाव घातलंय तिथे सरळ विचारा: रात्री दोन वाजता रक्त मिळेल का, भूलतज्ज्ञ येतील का, शस्त्रक्रिया इथेच होईल की पाठवाल? आणि तुमचं वय, तब्येत परवानगी देत असेल तर या दिवाळीत एकदा रक्त द्या. टाका डॉक्टर घालतील. तो घालेपर्यंत बाळंतिणीला तगवणारं रक्त मात्र तुमच्या-माझ्याच दंडातून यायचं आहे.