शब्दांची खतावणी : जमा म्हणजे आले का?

या आठवड्यात ‘व्याज’ घ्यायचे ठरले होते. ते राहू द्या. ‘बाकी’वर लिहिताना ‘जमा, वसूल, बाकी’ ही त्रयी मी ओघात लिहून गेलो आणि एका वाचकाने नेमके तिथेच बोट ठेवले : जे वसूल झाले तेच जमा झाले ना, मग दोन रकाने कशाला? प्रश्न रास्त आहे आणि दोन ओळींत उरकण्याजोगा नाही. माझे म्हणणे असे, की हिशेबाच्या मराठीत ‘जमा’चा अर्थ पैसे हाती आले असा मुळात नव्हताच. रक्कम अमुक सदरी मांडली, एवढेच तो शब्द सांगतो. हाती येणे ही ‘वसूल’ची गोष्ट.

अरबीत ‘जमा’ म्हणजे गोळा करणे, बेरीज करणे. जमात आणि जुम्मा त्याच धातूचे. मोगल दफ्तरात परगण्याच्या आकारणीची बेरीज ती ‘जमा’ आणि प्रत्यक्ष पदरात पडले ते ‘हासिल’. (‘महसूल’ याच हासिलचा भाऊबंद. शब्दार्थाने मिळालेला, आणि आपण मात्र मिळण्याआधीच तो आकारतो!) या दोन आकड्यांतली दरी केवढी असे, ते शाहजहानच्या काळातल्या जहागिरींवरून कळते. मनसबदाराला जहागीर मिळायची ती जमेच्या आकड्यावर. हासिल जमेच्या निम्मेच असले, तर ती सहामाही जहागीर समजायची, म्हणजे कागदावर बारा महिन्यांचे उत्पन्न आणि हाती सहा महिन्यांचे. आपल्या दक्षिणेत ही घसरण चौमाहीपर्यंत गेली होती. जमा म्हणजे आलेला पैसा असता, तर या मोजपट्टीची गरजच पडली नसती. इंग्रजी अमलातही तेच. पुणे जिल्ह्यात प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने बसवलेली आकारणी कागदावर शास्त्रशुद्ध होती. रयतेला ती झेपेना, जमिनी ओस पडू लागल्या, आणि अखेर गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांना १८३०च्या दशकात इंदापुरापासून नव्याने सुरुवात करावी लागली. नव्याने बसवली तीही जमाबंदीच. पुण्यात आजही जमाबंदी आयुक्तांचे कार्यालय आहे, आणि त्या नावातल्या जमेचा संबंध आकार ठरवण्याशी आहे. पीक बुडाल्यावर सूट किंवा तहकुबी मिळते ती या ठरलेल्या आकारातूनच.

यावर कोणी म्हणेल, की ही महसूल खात्याची बोली झाली. दुकानदाराच्या जमाखर्चात जमा म्हणजे सरळ आवक. तर रोजकीर्द उघडून पाहावी. देशी पद्धतीत डावी बाजू जमेची, उजवी नावेची. डावीकडची ओळ नुसत्या आकड्याची नसते, तिच्यात नाव असते : अमक्याचे खाती जमा, पाचशे. ही नोंद खतावणीत नेतानाही ती बाजू बदलत नाही, अमक्याच्या पानावर पुन्हा जमेलाच उतरते. इंग्रजी पद्धतीत मात्र रोकडीच्या डाव्या बाजूची रक्कम देणाऱ्याच्या पानावर उजवीकडे जाते, आणि वाणिज्य शाखेच्या मुलांची पहिली दमछाक तिथेच होते. देशी वहीला हा उलटापालट का लागत नाही? कारण तिची जमेची ओळ गल्ल्याविषयी बोलतच नाही, देणाऱ्याविषयी बोलते. तुमच्या पासबुकातला ‘जमा’चा रकानाही असाच वाचायचा. बँकेकडे किती आले हे तो सांगत नाही, बँक तुमचे किती देणे लागते ते सांगतो. एक अडचण मात्र मान्य करतो : दिवसाची आरंभीची शिल्लकही जमेकडेच लिहितात, आणि ती त्या दिवशी कोणीच दिलेली नसते. जुन्या वह्यांत तिला ‘श्रीशिल्लक’ म्हणत. निदान तिलाही एखाद्या असामीसारखे ‘श्री’ लावले, एवढेच माझ्या बाजूने म्हणता येईल.

राहिला मोबाइलवरचा संदेश : ‘आपल्या खात्यात रक्कम जमा झाली.’ इथे तरी पैसे आलेच की! आले, पण ते आजच्या यंत्रणेच्या वेगामुळे. मांडणे आणि येणे यांच्यातले अंतर तिने पुसून टाकले आहे. चेक घ्या, ते पुन्हा उघडे पडते. ‘चेक जमा केला’ असे आपण स्लिप भरून, पेटीत टाकून बाहेर पडताच म्हणतो. तो वटलेला नसतो, उद्या परतही येऊ शकतो. तरीही वाक्य खोटे ठरत नाही.

आणि माझा सर्वांत भक्कम साक्षीदार तर पैशांच्या व्यवहाराबाहेरचा आहे. ‘ती नोकरी आता गेल्यात जमा,’ असे आपण नोकरी असतानाच म्हणतो. खरोखर गेल्यावर कोणी तसे म्हणत नाही, ‘गेली’ म्हणतो. गेलेल्यांचे एक सदर आहे, त्यात तिची नोंद आताच करून टाका, प्रत्यक्ष जाणे मागाहून होईल. शाहजहानच्या कारकुनाने परगण्याची जमा लिहिली ती याच न्यायाने, आणि वाचकाच्या दोन रकान्यांपैकी पहिला त्यासाठीच आखलेला आहे. वसूलचा रकाना तलाठी गावात फिरून आल्यावर भरायचा. ‘व्याज’ पुढच्या आठवड्यात. तूर्त ते आल्यात जमा समजा.