कोंबडीचें वय आणि तिचें खाद्य

घरामागील मोकळ्या जागेंत डझनभर लेगहॉर्न कोंबड्या पाळणाऱ्या कुटुंबांत एक तक्रार पुष्कळदां ऐकूं येते. पिलें चांगलीं वाढलीं, कोंबड्या अंडींही घालूं लागल्या. परंतु कांहीं महिन्यांतच अंड्यांचीं कवचें पातळ झालीं, आणि एखादी कोंबडी तर पायांवर उभी राहीना. अशा वेळीं दोष जातीला किंवा हवेला दिला जातो. वस्तुतः तो बहुधा खाद्याच्या डब्यांत असतो. आरंभापासून अखेरपर्यंत एकच खाद्य घालण्यांत सोय आहे खरी; पण तें रांगत्या मुलाला व नांगर धरणाऱ्या गड्याला एकच ताट वाढण्यासारखें आहे.

अंड्यांतून बाहेर आलेलें पिलूं पहिले दोन दिवस पोटांत राहिलेल्या बलकावर निभावतें. पुढें मात्र आठ आठवड्यांत त्याचें वजन दहापटींहून अधिक होतें. हें मांस व हीं पिसें प्रथिनांतूनच घडावयाचीं असल्यामुळें या काळांत खाद्याच्या शंभर भागांत सुमारें २० भाग प्रथिनें असावीं. भरडलेला मका शक्ति देतो. प्रथिनें सोयाबीनची वा शेंगदाण्याची पेंड आणि सुकी मासळी यांतून मिळतात.

नवव्या आठवड्यापासून विसाव्यापर्यंत वाढीचा वेग मंदावतो. आतां १६ भाग प्रथिनें पुरतात, आणि मक्याचा कांहीं भाग कमी करून तांदळाचा कोंडा वाढवितां येतो. या अवस्थेंत चरबी न चढतां हाडें भरणें महत्त्वाचें. कॅल्शियम शंभरांत एक भाग पुरे. लवकर अंडीं मिळावींत या आशेनें तलंगांना अंड्यांवरील कोंबड्यांचें खाद्य घातलें, तर जादा कॅल्शियम बाहेर टाकतां टाकतां त्यांचीं मूत्रपिंडें बिघडतात.

याच्या उलट चूक पुढील अवस्थेंत होते. तिचा हिशेब सोपा आहे. एका अंड्याच्या कवचांत सुमारें २ ग्रॅम कॅल्शियम असतें. खाल्लेल्या कॅल्शियमपैकीं जेमतेम निम्में अंगीं लागतें. म्हणजे रोज ४ ग्रॅम पोटांत गेलें पाहिजे. कोंबडी दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास खाते. शंभरांत एक भाग असलेल्या खाद्यांतून तिला १.१ ग्रॅमच मिळेल. साडेतीन भाग असल्यास जवळजवळ ३.९ ग्रॅम मिळेल. उणीव पडली तरी ती लगेच अंडें घालणें थांबवीत नाहीं; स्वतःच्या हाडांतून ती भरपाई करते. पाय लुळे पडतात ते यामुळेंच. म्हणून अंड्यांवर आलेल्या कोंबडीस १८ भाग प्रथिनें व शिंपल्यांची किंवा चुनखडीची भरड दिली पाहिजे. पंचेचाळिसाव्या आठवड्यानंतर प्रथिनें १६ भागांवर आणलीं तरी चालतात. कॅल्शियम मात्र कमी करूं नये.

बदल केव्हां करावा, हें तलंगेचा तुराच सांगतो. तो मोठा व लाल होऊं लागला, कीं पहिलें अंडें फार दूर नसतें. तेव्हां आठवडाभर जुन्या खाद्यांत नवें थोडें थोडें मिसळीत जावें. कवच मुख्यतः रात्रीं तयार होतें. यासाठीं शिंपल्यांची भरड सायंकाळीं निराळ्या भांड्यांत ठेवणें हितकर.

डझनभर कोंबड्यांस महिन्याला सुमारें ४० किलो खाद्य लागतें. स्वस्त मिळालें म्हणून तीन महिन्यांचें एकदम भरूं नये. पावसाळ्यांत तर नाहींच. १९६० सालीं इंग्लंडांत बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीनें एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले, आणि त्या प्रकरणांतूनच अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. कुबट वास येणारी पेंड टाकून देणें हीच काटकसर. पाणीही विसरूं नये. खाद्याच्या दुप्पट तें लागतें, उन्हाळ्यांत त्याहूनही अधिक.

पिलें घरीं आलीं ती तारीख खुराड्याच्या दारावर खडूनें लिहून ठेवावी. कोणतें खाद्य केव्हां घालावयाचें, याचा निर्णय त्या एका तारखेवरून करतां येतो.