तारीख नेमकी कोणामुळे पडते?

नगरच्या न्यायालयाच्या आवारात पाथर्डी-पारनेरकडून सकाळची एस. टी. धरून आलेली माणसे पुकाऱ्याची वाट पाहत बसलेली दिसतात. माझी एक माजी विद्यार्थिनी त्यांत तीन वर्षे बसत होती. घटस्फोटाचा अर्ज तिचा. पतीवर नोटीस केव्हाच बजावलेली. दर तारखेला तिचा एका दिवसाचा पगार बुडे आणि दुपारी वकीलसाहेबांचा कारकून पुढची तारीख सांगून जाई. साहेब स्वतः दूरध्वनीवर कधी सापडत नसत. "सर, उशीर न्यायालय करते की आमचे साहेब, हे मला कळायचे कसे?" तिचा हा प्रश्न कायद्यापेक्षा अर्थशास्त्राचा अधिक आहे.

विक्रेत्याला मालाची पारख आहे आणि ग्राहकाला नाही, अशा ठिकाणी बाजार बिघडतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले. वकिलाची सेवा त्याहूनही अवघड. मोटारीचा दोष निदान वापरताना कळतो. विलंबाचा दोष कोणाचा, हे निकालानंतरही अशिलाला उमगत नाही. फी आगाऊ दिलेली, कागदपत्रे त्यांच्याच कपाटात. मग माणूस गप्प बसतो. वकिलांना एकाच वेळी चार दालनांत हजर राहावे लागते, हेही खरे. परंतु तसे सांगण्याला दोन मिनिटे पुरतात.

कायद्याला या विलंबाची जाणीव नव्हती असे नाही. हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली घातलेले कलम २१-ब म्हणते की, नोटीस बजावल्यापासून सहा महिन्यांत सुनावणी संपविण्याचा प्रयत्न व्हावा. हा प्रयत्न न्यायालयाने करावयाचा. अशिलाला उत्तर देण्याची मुदत वकिलावर मात्र या कलमाने घातलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी वकिलांविरुद्ध ग्राहक मंचाचा मार्गही बंद केला. त्यामागील एक कारण असे की, वकिलाच्या कामावर अशिलाचे बरेच थेट नियंत्रण असते! दूरध्वनीची वाट पाहणाऱ्या आमच्या विद्यार्थिनीला हे नियंत्रण कोठे दिसले असते, कोण जाणे. राज्य बार कौन्सिलकडे १९६१ च्या अधिवक्ता कायद्याखाली तक्रार करता येते, व गैरवर्तन सिद्ध झाल्यास ताकिदीपासून सनद जाण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते. पण त्याने अडलेला खटला पुढे सरकत नाही.

खटला सरकतो तो माहितीने. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सी. एन. आर. क्रमांक असतो, तो ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर घातला की मागील व पुढील तारखा कोणालाही विनामूल्य पाहता येतात. रोजनाम्याची नक्कलही अर्ज करून मिळते. विद्यार्थिनीने ती काढली, तेव्हा बऱ्याच तारखा तिच्याच वकिलांच्या मुदतीच्या अर्जांवर पडल्याचे आढळले. दुसरा वकील घ्यावा तर पहिल्याची 'ना हरकत' हवी, असा सर्वत्र समज. प्रत्यक्षात दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे न्यायालयाच्या परवानगीने वकीलपत्र संपविता येते. आणि फी थकली म्हणूनही कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले आहे. नव्या फीची चिंता होती, तीही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने मिटविली. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, हे तिला इतकी वर्षे कोणीच सांगितले नव्हते. मीही नाही.

कागदपत्रे दोन पत्रांनंतर परत आली. पुढच्या महिन्यात तिची साक्ष आहे.