आकड्यामागची नावं

गावच्या चावडीत किंवा शाळेच्या भिंतीत बसवलेली एखादी जुनी दगडी पाटी आपण पाहिली असेल. १९१४ ते १९१९ च्या लढाईस या गावातून इतके इसम गेले, पैकी इतके कामास आले, एवढाच मजकूर तीवर असतो. आकडा आहे, नाव नाही. मग ही माणसं कोण?

त्या लढाईत पुणे डिव्हिजन इराकात गेली. तिच्यात मराठा पलटणी होत्या. कूत इथं वेढा पडला, उपासमार झाली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी फौजेला शरण जावं लागलं. कित्येक शिपाई लढाईत गेले, कित्येक रोगानं, कित्येक कैदेत.

मृत सैनिकांच्या समाध्या राखण्यासाठी १९१७ साली एक आयोग स्थापन झाला. त्याला आज राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग म्हणतात. अधिकारी असो वा शिपाई, मान सर्वांना सारखा, हे त्याचं तत्त्व. पण बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांचीच नावं कोरली गेली. शिपायांची मात्र पलटणवार नुसती संख्या. आयोगानंच नेमलेल्या समितीनं २०२१ साली हा भेदभाव दाखवून दिला, आणि आयोगानं माफी मागितली.

आता नावं लावायची, तर माणूस नक्की कोण हे ठरलं पाहिजे. कारकुनांनी नावं इंग्रजीत लिहिली. त्यात शिंद्यांचे सिंदे व्हायला कितीसा वेळ! शिवाय एकाच नावाचे दहा शिपाई. तिथं वडिलांचं नाव, गाव आणि तालुका कळला, तरच उलगडा होतो. आणि हे सांगणार कोण? घरचेच.

असा शोध लागतो, बरं का! इटलीत १९४४ साली पडलेल्या दोन हिंदी शिपायांच्या अस्थी १९९६ साली सापडल्या. तपासणी झाली, नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा ते हरियाणातले निघाले. त्यांची रक्षा २०१९ साली घरच्यांच्या हाती आली.

आपण काय करायचं? घरात जुनं पदक असेल, तर त्याची कड पाहा. पहिल्या महायुद्धातल्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण उमटवलेली असते. चिंच-राखेनं ते घासू नका, अक्षरं झिजतात. पेन्शनचे कागद, जुनी पत्रं, फोटो जपून ठेवा. शिपाई रणांगणावरच पडलेला असावा असंही नाही. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१, किंवा ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात नोकरीत असताना छावणीत आजारानं गेला असला, तरी तो या नोंदीत बसतो. मात्र पुरावा लागतो. चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करावी. शिपाई मराठा पलटणीतला असेल तर बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरकडेही लिहावं.

गुरुजींना एक विनंती. मुलांकडून गावची एक वही करवून घ्या. घरोघरी विचारा : कोण गेलं, कोणत्या पलटणीत, परत आलं की नाही? म्हाताऱ्या माणसांकडे आधी जा. हिंदू शिपायांना बहुधा अग्नी दिला गेला. त्यांना थडगं नाही, भिंतीवर कोरलेलं नाव हीच त्यांची समाधी. ते नाव आज एखाद्या आजीच्या तोंडी असेल. ती आहे तोवर लिहून घ्या.