राणीचा नेम आणि नळीतली काजळी

२ जुलै १८६० रोजी लंडनजवळच्या विम्बल्डनच्या माळावर राणी व्हिक्टोरियाने एक रेशमी दोरी ओढली, आणि ४०० यार्डांवरच्या निशाणावर गोळी मध्यबिंदूपासून अवघ्या सव्वा इंचावर लागली. गंमत म्हणजे राणीने नेम धरलाच नव्हता. जोसेफ व्हिटवर्थ या यंत्रकाराची ठासणीची रायफल लोखंडी बैठकीत आवळलेली होती. नेमाचं काम आधीच उरकलं होतं.

हे काम सोपं नाही. तेवढं अंतर कापायला त्या गोळीला साधारण सेकंदभर लागतं, आणि सेकंदभरात कोणतीही वस्तू पाचेक मीटर खाली येते. वेगाने सुटलेल्या गोळीलाही यातून सूट नाही! म्हणजे ठिपका टिपायचा तर नळीचा रोख त्याच्या पाचेक मीटर वर हवा. बंदुकीवरची खाच आणि माशी हीच लबाडी करतात. डोळा सरळ निशाणाकडे बघतो, नळी मात्र वर बघत असते. मागची खाच उचलली की मार वर जातो. पुढची माशी घासून बुटकी केली तरीही वरच जातो. घासलेलं परत येत नाही, म्हणून जाणते लोक माशी मुद्दाम उंच ठेवतात आणि कानस अगदी शेवटी हातात घेतात.

त्याआधी बंदुकीला काय मानवतं ते शोधायचं असतं. व्हिटवर्थने त्यासाठी मँचेस्टरला ५०० यार्ड लांबीची बंदिस्त पडवीच बांधली, वारा लागू नये म्हणून. वाटेत पातळ कागदाचे पडदे टांगले. पडद्यापडद्यावरच्या भोकांनी गोळीची अदृश्य वाट डोळ्यांना दाखवली. गोळी सरळ गेली की कोलमडत, तेही भोकाच्या आकारावरून कळे. त्यातून षट्कोनी नळी निघाली, २० इंचांत पूर्ण पीळ घेणारी. गोळी सेकंदाला सातशेच्या आसपास गिरक्या घेत बाहेर पडायची! ब्रिटिश सैन्याच्या एन्फिल्ड रायफलमध्ये एका पिळाला ७८ इंच लागत, म्हणजे ३९ इंचांच्या नळीत जेमतेम अर्धा.

पण खरा शत्रू निराळाच. काळी दारू जळते तेव्हा तिच्या निम्म्याहून अधिक वजनाचा वायू होतच नाही. त्याचा धूर आणि काजळी होते. ती नळीत बसते, दमट हवेत ओल धरते. पुढची गोळी गजाने ठासताना अडते, दाब बदलतो, मार भरकटतो. म्हणून चाचणीत दारू मोजून घेतात, गज दर वेळी सारख्याच जोराने दाबतात, दोन बारांमध्ये ओलसर चिंधीने नळी पुसतात. तेलकट, स्वच्छ नळीतला पहिला बार तर हिशेबातच धरत नाहीत.

आपल्याकडे १८५७ साली उठावात गाजलेली काडतुसांवरची ती चरबी याच काजळीसाठी होती. एन्फिल्डच्या काडतुसाला वंगण असल्याशिवाय गोळी सुखाने खाली उतरेना. काम तूप-मेणानेही भागलं असतं. सरकारने तशी मुभा दिलीही, पण तोवर संशय छावणीछावणीत पोहोचला होता.

त्याच साली इंग्लंडमधल्या हाइथच्या चाचणीत व्हिटवर्थच्या रायफलने एन्फिल्डला सपशेल हरवलं. तरी सैन्याने ती घेतली नाही: अरुंद नळी लवकर चोंदे, आणि किंमतही भारी. १८६६ पासून एन्फिल्डच मागून उघडून तिची मागून भरायची स्नायडर रायफल केली, तेव्हा काजळीतून गोळी ठासणं संपलं. नळी पुसणं मात्र राहिलंच.